भजन, वाचन आणि पंगत

मराठीत श्रद्धा ‘बसते’. अमक्याची तमक्यावर श्रद्धा बसली, असे आपण म्हणतो. आणि एकदा बसलेल्या वस्तूची पुढे काळजी कसली, असेही मनात धरून चालतो. ख्रिस्ताने मात्र श्रद्धेला मोहरीच्या दाण्याची उपमा दिली. दाणा नुसता बसून राहिला तर किडतो. त्याला रुजावे लागते, वाढावे लागते. मग श्रद्धा वाढते तरी कशाने? पहिल्या शिष्यांचा नित्यक्रम ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात सांगितला आहे. शिकवण ऐकावी, एकमेकांच्या सहवासात राहावे, घरोघर मिळून जेवावे, प्रार्थना करावी, देवाचे स्तवन करावे. आजची ख्रिस्ती मंडळी हेच थोडक्यात सांगताना स्तुती, अभ्यास आणि सहभागिता अशी तीन नावे घेते. तिन्ही एका दमात उच्चारली जातात, म्हणून ती सारखीच सोपी वाटतात. मला तसे वाटत नाही.

यांतली स्तुती आपल्या मातीला फार लवकर मानवली. थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट पाद्र्याने गोव्यात राहून क्रिस्तपुराण रचले. १६१६ साली ते छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्याही चारचौघांनी एकत्र बसून ऐकाव्यात अशा! पुढे नारायण वामन टिळकांनी परक्या चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांच्या शेजारी आपले अभंग आणि पदे आणून ठेवली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानीत. टाळ वाजू लागला की मन आपोआप पुढे सरकते, हे या माणसाला ठाऊक होते. पण गाण्यात एक धोकाही आहे. वर्गात कविता चालीवर म्हणून घेतली की मुलांना ती चटकन पाठ होते; अर्थ पुष्कळदा दोन इयत्ता पुढे गेल्यावर कळतो. भजनात डोळ्यांना पाणी आले म्हणजे अंतःकरणही पाझरलेच, असा हिशेब मांडता येत नाही.

म्हणून अभ्यास हवा. टिळकांना आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी येताच ते त्यात गुंतले, आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. तरीही १९०७ साली आपला अनुभव लिहिताना त्यांनी स्पष्ट सांगितले, की प्रथम आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त नव्हे. तो पुढे काही वर्षांनी भेटला. एवढ्या विदुषीने हे लिहावे याचे मला फार मोल वाटते. पोचलो म्हणून त्या थांबल्या नाहीत. हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले, तेही खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा भाषेत. १९२२ साली त्या वारल्या, आणि १९२४ साली ते भाषांतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तिथल्याच स्त्रियांच्या हातांनी छापून पुरे झाले.

गाणे एकट्याने म्हणता येते, वाचनही एकट्याने होते. तिसरी गोष्ट एकट्याची नव्हे. मराठी ख्रिस्ती लोकांनी चर्चला ‘मंडळी’ हा किती सुरेख शब्द योजला आहे! वऱ्हाडी मंडळी, घरची मंडळी, तशीच ही प्रभूची मंडळी. मंडळी म्हटली की पंगत आली, आणि पंगत आली की शेजारी कोण बसणार हा प्रश्न आलाच. इथे भल्याभल्यांचे पाय डगमगले आहेत. प्रत्यक्ष पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. पण यरुशलेमेहून काही माणसे येताच तो बिचकला आणि पंक्तीतून बाजूला झाला. पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग आहे. पेत्राला भजन येत नव्हते की शिकवण ठाऊक नव्हती? साऱ्या शिष्यांत अग्रेसर तो! अडला तो पानावर.

हे वाचताना मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे ठाऊकच आहे. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्या, तेव्हाही सोवळे सुटले नव्हते. टिळकांसारखा वक्ता घरात असूनही वादविवादाने ते सुटले नाही. जात देवाने केली की माणसाने, याचा विचार एके दिवशी बाईंनी स्वतःच केला, आणि कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. त्यांच्या बाबतीत श्रद्धा आधी स्वयंपाकघरात शिरली, देवळात मागाहून गेली!

एका पाटीतली भाकरी खाणारी मंडळीदेखील लग्न जुळवताना मूळ जात विचारते, असे दिसते, आणि हे काही एकट्या ख्रिस्ती समाजाचे दुखणे नव्हे. या चार दिवसांत आपल्या घरांतून फराळाची ताटे निघतात. ती कोणत्या दारापर्यंत जातात आणि कोणत्या दाराच्या अलीकडून वळतात, हे ताट नेणाऱ्या मुलांना नेमके ठाऊक असते.

टिळकांना पंगत अजून मोठी करायची होती. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे तिथे एकत्र यावेत, अशी त्यांची योजना होती. मिशनची नोकरी त्यांनी सोडली. पण दोनच वर्षांत, १९१९ साली, ते गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरेच राहिले होते. एकेकाळी ज्यांनी घरात सोवळे जपले होते, त्या लक्ष्मीबाईंनीच ते पुढे पुरे केले.