अल्बियन, लेलँड आणि जालन्याचे लोखंड

निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी हैदराबाद राज्यात बससेवा सुरू केली. जालना तेव्हा त्याच राज्यात होते. त्या सेवेसाठी अल्बियन कंपनीच्या गाड्या आल्या, थेट ग्लासगोहून. त्यातली एक बस हैदराबादेत जपून ठेवलेली आहे. कंपनीला १९५१ मध्ये लेलँडने घेतले आणि पुढे गाड्यांवरचे अल्बियन हे नावही गेले. त्या बसखरेदीने आपल्याला चालक दिले, मेस्त्री दिले, वेळापत्रक पाळणारे खाते दिले. गाडी घडवण्याची विद्या मात्र मिळाली नाही, कारण ती कुणी मागितलीच नव्हती.

लेलँडची गोष्ट इथेच वेगळी होते. लँकेशायरमध्ये १८९६ साली वाफेच्या गाड्यांपासून सुरू झालेली ही कंपनी एकेक प्रतिस्पर्धी गिळत मोठी झाली आणि १९६८ च्या महाविलीनीकरणात मोटारींच्या तोट्याखाली दबली. १९७५ मध्ये ती सरकारच्या ताब्यात गेली. १९८७ मध्ये तिचा ट्रक विभाग डच डाफशी जोडला गेला, डाफ १९९३ मध्ये बुडाली आणि १९९८ मध्ये लेलँडचा ट्रक कारखाना अमेरिकन पॅकारकडे गेला. तिथे आजही ट्रक बनतात, पण डाफच्या नावाने. लेलँड हे नाव ठळकपणे मिरवणारे ट्रक आज भारतीय आहेत.

हे आपोआप घडलेले नाही. रघुनंदन सरन यांनी १९४८ मध्ये मद्रासला अशोक मोटर्स काढली, ती ऑस्टिन मोटारी जोडण्यासाठी. पण नुसती जोडणी चालणार नाही, सुटे भाग टप्प्याटप्प्याने इथेच बनले पाहिजेत, असा सरकारचा आग्रह होता. तो न पटलेल्या फोर्ड आणि जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. अशोक मोटर्सशी जोडलेली लेलँड राहिली. १९५४ मध्ये वर्षाला लेलँडच्या १००० कॉमेट गाड्यांचा परवाना मिळाला आणि पुढच्याच वर्षी अशोक लेलँड हे नाव आले. मूळ कंपनी कोसळली तेव्हा अशोक लेलँडचा मद्रासजवळच्या एन्नोरचा कारखाना चालू राहिला, तो या आग्रहामुळे.

या धोरणाची किंमत आपण मोजली, हेही मांडले पाहिजे. गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे आणि जुनेच मॉडेल नवे म्हणून घ्यावे लागे. कारखान्यातून निघे तो नुसता सांगाडा. चालक पेटीवर बसून, तोंडाला फडके बांधून, डोळ्यांवर गॉगल चढवून तो शेकडो मैल उन्हातान्हात आणी. मग बॉडीवाल्याकडे लाकडी केबिन, हौदा आणि फाळका चढे. चालकाच्या जिवाची ही हेळसांड होती, तिला मी कौतुकाचे नाव देणार नाही. तरीही बॉडी बांधणाऱ्या, स्प्रिंगचे पाटे बसवणाऱ्या माणसांची एक पिढी त्यातून तयार झाली.

आता कुंडलिकेच्या दोन्ही काठांकडे, नवीन जालन्याकडे आणि जुन्या जालन्याकडे बघू. मोंढ्यात ट्रकशिवाय पान हलत नाही. औद्योगिक वसाहतीत मोडीच्या ढिगात झिजलेले पाटे आणि तुटके आस पडलेले दिसतात. ते भट्टीत जातात आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर येतात. सळईला मी कमी लेखत नाही, देशभर घरे तिच्यावर उभी आहेत. पण पाट्याचे पोलाद सिलिकॉन-मँगनीजचे किंवा क्रोमियमचे, काटेकोर प्रमाणाचे असते. ते वितळून सळई झाले की त्यातले मोलाचे गुण वाया जातात. इंडक्शन भट्टी लोखंड वितळवते, त्यातले गंधक आणि फॉस्फरस मात्र फारसे काढत नाही. त्यासाठी मोडीची कसून निवड लागते, शुद्धीकरणाची वेगळी सोय लागते, प्रयोगशाळा आणि धातुशास्त्र जाणणारी माणसे लागतात.

भांडवल जालन्याकडे आहे आणि हातही आहेत. गिऱ्हाईकही फार लांब नाही: भंडाऱ्यात १९८२ पासून अशोक लेलँडचे गिअरबॉक्स बनतात. समृद्धी महामार्गामुळे नागपूर आणि पुढे भंडारा जालन्याला जवळ आले आहे. गाड्यांच्या कंपन्यांनी इथल्या पोलादासाठी काही वर्षांच्या खरेदीची हमी द्यावी आणि भट्टीवाल्यांनी त्या भरवशावर शुद्धीकरणात पैसा घालावा, असा आग्रह सरकारने आज धरला पाहिजे. सत्तर वर्षांपूर्वी लेलँडपुढे तो धरला गेला होता.