बिनशेपटाचे विमान

बंधने तुटली की माणूस मोकळा झाला, असे आपण सहज म्हणून जातो. आमच्या सिल्लोडला पुतण्याने रेडिओवर चालणारे, निव्वळ पंखाचे छोटे विमान केले. १९४७ साली अमेरिकेत उडालेल्या नॉर्थ्रॉपच्या विमानाच्या जातीचे. "काका, शेपटाची कटकटच नाही!" तो म्हणाला. पण शेपूट गेले म्हणून त्याचे काम कुठे जाते? वजन पुढे सारावे लागते, पंखाची मागची कड किंचित वर वळवावी लागते. त्यापायी थोडी उचल गमवावी लागते; पण विमानाचे नाक सावरते.

दिवाळी सरली की तो नोकरीसाठी पुण्याला जाणार. "उशीर का झाला रे?" असे विचारणारी आई तिथे नसेल. तो प्रश्न त्यानेच स्वतःला विचारायचा. बाहेरचे बंधन आत येऊन बसते, त्यालाच, वाचकहो, मी स्वातंत्र्य म्हणतो.