काळी स्क्रीन

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका म्हाताऱ्या कारागिराचा लहानसा गाळा होता. सगळे त्याला काका म्हणत. काकांच्या हाताखाली एक शिकाऊ मुलगा होता. मुलगा कष्टाळू होता, हातही चपळ होता. पण कुठलीही गोष्ट ठरवून टाकायची त्याला फार घाई.

एके सकाळी इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एक बाई जुना, जाडजूड लॅपटॉप घेऊन आल्या. स्क्रीनभर उभ्या रेघा येत होत्या. काकांनी बाहेरचा मॉनिटर जोडला. त्याच्यावरही त्याच रेघा.

"ग्राफिक्स कार्ड गेलंय," काका म्हणाले. "पण तुमचं नशीब चांगलं. याचं कार्ड बदलता येतं."

बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची चिप बोर्डावरच सोल्डर केलेली असते. काही मोठ्या लॅपटॉपमध्ये मात्र एमएक्सएम नावाचं सुटं कार्ड असतं. ते स्लॉटमध्ये तिरकं सरकवायचं, खाली दाबायचं आणि स्क्रूंनी आवळायचं. काकांनी त्याच मॉडेलचं कार्ड मागवलं. दुसऱ्या जातीचं कार्ड स्लॉटमध्ये बसलं तरी लॅपटॉपचं बायोस ते स्वीकारेलच असं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

दुपारपर्यंत कार्ड आलं. काका बँकेत गेले आणि काम मुलावर सोपवलं.

मुलाने लॅपटॉप उघडला. बॅटरी काढली, हीटसिंक काढलं, जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसली. नवं कार्ड बसवलं, नवी पेस्ट लावली, सगळं जोडून बटण दाबलं.

पंखा फिरला. स्क्रीन काळीच.

त्याने कार्ड काढून पुन्हा बसवलं. काळीच. रॅम काढून पुसून लावली. काळीच. चार्जर बदलला. काळीच. शेवटी त्याने जुनं कार्ड परत घातलं. तरीही काळीच.

"नव्या कार्डावर डिस्प्ले नाही, जुन्यावरही नाही," तो स्वतःशी म्हणाला. "म्हणजे बोर्डच गेला." आणि बाईंना तसं कळवायला त्याने फोन उचलला.

तेवढ्यात काका आले.

"काका, मशीन डेड आहे."

"फोन ठेव आधी," काका म्हणाले. "डेड म्हणतोस ना? मग यात जिवंत काय आहे ते सांग."

"पंखा फिरतोय."

"अजून?"

मुलगा गप्प. काकांनी कॅप्स लॉक दाबलं. छोटा दिवा लागला. पुन्हा दाबलं, विझला. "कीबोर्ड ऐकतोय. बोर्ड गेला असता तर हा दिवा कोणी लावला असता?"

मग त्यांनी टॉर्च घेतला आणि काळ्या स्क्रीनवर तिरका धरला. नुसती बॅकलाइट गेली असेल तर अशा उजेडात अक्षरं पुसटशी दिसतात. इथे काहीच नव्हतं. "चित्र इथवर पोचतच नाहीये," काका म्हणाले. "आता सांग, आत कार्ड कुठलं आहे?"

"जुनंच."

"सकाळी या कार्डावर काय दिसत होतं?"

"रेघा."

"आता?"

"काहीच नाही."

"कार्ड तेच. मग रेघा कुठे गेल्या?"

मुलगा थबकला. हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता. त्याने स्वतःच पुढे होऊन बाहेरचा मॉनिटर जोडला. थोड्या वेळात त्यावर उभ्या रेघा उमटल्या, सकाळच्या तशाच. रेघा पाहून मुलाचा चेहरा उजळला.

"बोर्ड चालू आहे, काका! जुनं कार्डही होतं तसंच आहे. मग नवीन बिघाड सकाळनंतर झालाय."

"सकाळनंतर काय घडलं?"

"मी उघडलं."

"उघडताना कशाकशाला हात लावलास?"

मुलगा आठवून सांगू लागला. मागचं झाकण, बॅटरी, पंख्याची वायर, हीटसिंक... "आणि स्क्रीनची केबल. हीटसिंकच्या आड येत होती म्हणून पहिल्यांदा काढली, मग लावली. नंतर नुसती बाजूला सरकवत होतो. पण लावलीये मी ती."

"बघू या."

मुलाचा हात लगेच केबलकडे गेला. काकांनी तो धरला. आधी चार्जर काढायला लावला, मग बॅटरी. मग पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरायला लावलं, म्हणजे आत उरलेला करंट निघून जावा. "बॅकलाइटचा करंट याच केबलमधून जातो. करंट असताना केबल तिरकी लागली तर बोर्डावरचा फ्यूज उडेल. मग खरोखरच बोर्ड दुरुस्त करावा लागेल."

मुलाने भिंगातून पाहिलं. कनेक्टरची डावी बाजू नीट बसली होती. उजवी बाजू केसभर वर राहिली होती.

त्याने केबल काढली, सरळ धरली आणि दोन्ही कडा सारख्या दाबून बसवली. मग नवं कार्ड उचललं.

"नको," काका म्हणाले. "आत्ता फक्त केबल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

बटण दाबलं. लॅपटॉपच्या स्क्रीनवर रेघा आल्या. मग बंद करून, बॅटरी काढून, नवं कार्ड घातलं. पेस्ट पुन्हा लावली, कारण हीटसिंक उचललं की जुनी पेस्ट चालत नाही. बटण दाबलं. स्वच्छ चित्र आलं, एकही रेघ नाही.

संध्याकाळी बाई आल्या, नकाशा उघडून पाहिला आणि ठरलेले पैसे देऊन लॅपटॉप घेऊन गेल्या. बोर्डाचा खर्च त्यांना आला नाही.

काम बंद पडलं की काय मेलं हे ठरवण्याआधी काय जिवंत आहे ते पाहावं, आणि आपला हात शेवटचा जिथे लागला तिथून शोधायला लागावं. तुमच्या लॅपटॉपची स्क्रीन कधी काळी पडली, तर नवा बोर्ड घेण्याआधी एकदा बाहेरचा मॉनिटर जोडून पाहा.