वीतभर अंतरावर हात

वाघोलीच्या बाजूला काळा पाषाण फोडणाऱ्या एका खडी क्रशरची दगड चिरडणारी जॉ प्लेट तडकली. नवी यायला आठवडा लागणार होता आणि रस्त्याच्या कामाचे डंपर रांगेत उभे होते. मालकानं वेल्डिंगच्या मिस्त्रींना निरोप धाडला. मिस्त्री गावी गेले होते, म्हणून त्यांचा भाचा आला.

पोरगा हाताचा साफ. चिंचवडला जाड पत्र्याच्या टाक्या जोडून शिकलेला. तिथे त्याला पक्कं कळलं होतं, की जाड कार्बन पोलाद आधी तापवायचं आणि जोडल्यावर सावकाश निवू द्यायचं. झटकन थंड झालं तर जोडालगतचा भाग कडक होतो आणि तडकतो. हे ज्ञान खरंच होतं. इथेही त्यानं तेच केलं. गॅसच्या ज्योतीनं प्लेट चांगली तापवली, लो हायड्रोजन रॉड भट्टीत सुकवून घेतले, रुंद हात फिरवत तडा भरला आणि वर राख पसरून झाकून ठेवलं. एवढ्या निगुतीनं केलेलं काम सहसा फसत नाही.

सकाळी राख बाजूला केली, तर शिवणीच्या दोन्ही अंगांना दोन नवे तडे धावत गेलेले.

मामा आले. रागावले नाहीत. खिशातलं लोहचुंबक काढून प्लेटवर लावलं. ते चिकटलं नाही, घसरून खाली पडलं.

“मामा, हे लोखंड नाही?”

“लोखंडच आहे, पण मँगनीजचं. शंभरात बारा-चौदा भाग मँगनीज आणि एक-सव्वा भाग कार्बन. तू याला विचारलंच नाहीस, की बाबा, तू कोण.”

हे पोलाद शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डनं 1882 मध्ये घडवलं. मँगनीज थोडं जास्त झालं तर पोलाद ठिसूळ होतं, हे तेव्हा माहीत होतं. हॅडफील्ड त्या मर्यादेच्या पार पुढे गेला आणि उलटंच हाती लागलं. इतर कार्बन पोलाद लालबुंद करून पाण्यात बुडवलं की कडक आणि ठिसूळ होतं, हे मात्र चिवट होतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणं याच पोलादाची होती. मार खाल्ल्यावर हे आणखी कणखर होतं: दोनशे ब्रिनेलच्या आसपास कडकपणा असलेला पृष्ठभाग दगडांचे तडाखे सोसून पाचशेच्या घरात जातो. पण ते पुन्हा तापून तीनशे अंशांच्या आसपास रेंगाळलं, की कार्बन कणाकणांच्या सीमेवर येऊन कार्बाइडच्या रूपात साचू लागतो. दगडी भिंतीचे चिरे शाबूत राहावेत आणि दरजांतला चुना मात्र भुसभुशीत व्हावा, तशी त्याची गत होते. राखेखाली रात्रभर नेमकं हेच घडलं होतं. शिवाय साध्या रॉडचा धातू मँगनीजमध्ये अर्धवट मिसळला, की मधल्यामध्ये एक कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो, तो वेगळाच.

मामांनी आधीची सगळी शिवण ग्राइंडरनं काढायला लावली, नुसती शिवण नव्हे, बाजूचा तापलेला धातू आणि वरची मार खाऊन कडक झालेली सालही. भाचा तड्याच्या टोकाला भोक पाडायला ड्रिल घेऊन आला, तेव्हा मामांनी हात धरला. ड्रिल घासलं की हे पोलाद तिथल्या तिथे कडक होतं आणि ड्रिलचीच धार जाते. टोकापर्यंत घासतच जायचं. मग तडा दाखवणारा लाल डाय लावून पाहिलं; तडा उरला नव्हता. (चुंबकावर चालणारी तपासणी इथे निरुपयोगी.)

रॉड बदलला: मँगनीज जास्त असलेला स्टेनलेस. करंट कमी, आर्क आखूड. हात हलवायचा नाही, दोन-तीन इंचांचा सरळ घास घालायचा, शेवटचा खड्डा भरून रॉड उचलायचा आणि घास लाल आहे तोवर गोल तोंडाच्या हातोडीनं ठोकायचा. निवताना शिवण आवळते आणि कडेच्या धातूला ओढते; ठोकल्यानं ती पसरते, ओढ कमी होते. मग पुढचा घास लगतच नाही, दुसऱ्या टोकाला.

“आणि घाई झाली असं वाटलं, तर शिवणीपासून वीतभर अंतरावर तळहात ठेव. ठेववला तर पुढचा रॉड. नाही ठेववला तर थांब. पाणी मारलंस तरी याला चालतं.”

भाच्याला पाणी मारायचा धीर होईना. गरम जोडावर पाणी टाकणाऱ्याला त्यानं आजवर अडाणीच मानलं होतं. शेवटी ओलं फडकं ठेवलं, आणि प्लेट शांतपणे निवली.

दुपार उलटली तरी निम्माच तडा भरला होता. मामा जेवायला गेले, तसे मालक जवळ आले. “पोरा, चारपाच रॉड सलग ओढ की. मिस्त्रींना मी सांगतो. पाचला मशीन चालू करू.”

भाच्यानं होल्डर उचलला होता. तो खाली ठेवला, हातमोजा काढला, तळहात टेकवला आणि लगेच उचलला.

“मालक, आत्ता नाही. अर्ध्या तासानं एक घास घालीन, मग पुन्हा थांबावं लागेल.”

“मग डंपरवाल्यांना काय सांगू?”

“उद्या दुपारनंतर खडी मिळेल, असं सांगा. पुन्हा फाटली तर आठवडाभर थांबावं लागेल त्यांना. आणि तुम्ही वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा, मँगनीजचा धूर छातीला वाईट.”