राजाश्रय, पुरस्कार आणि कारण

कावेरीकाठच्या कुंभकोणम् परिसरात कलेला तीन छत्रे लाभली: देवालय, राजदरबार आणि शासन. देवळातील नागस्वरवादक उत्सवाच्या सेवेवर जगे. जवळच्या स्वामिमलै गावचे स्थपती देवळांसाठी पंचधातूच्या मूर्ती ओतत आले. पुढे तंजावरच्या भोसले राजांनी (१६७६–१८५५) याच मुलखात ग्रंथ, नृत्य आणि नाट्य यांना आश्रय दिला. दुसऱ्या सरफोजींनी (१७९८–१८३२) सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले, आणि मराठी कीर्तनाची रीत तमिळ हरिकथेत मुरली.

राजदरबार गेले, कलावंताला गौरविण्याचे काम शासनाकडे आले. तमिळनाडू शासनाचा ‘कलैमामणी’, म्हणजे कलेतील थोर रत्न, हा पुरस्कार राज्याच्या इयल इसै नाटक मन्रमतर्फे, म्हणजे साहित्य, संगीत व नाट्य यांच्या मंडळातर्फे, दिला जातो. प्रश्न असा की, राजाश्रय आणि शासकीय पुरस्कार यांच्यातील नैतिक भेद नेमका कोणता?

पहिला भेद काळाचा आहे. राजाश्रय कलानिर्मितीच्या आधी येई. अन्नाची विवंचना मिटवून तो साधनेला अवकाश देई. पुरस्कार साधना फळाला आल्यावर येतो. स्थपतीला भट्टीपुढे बसण्याचे बळ तो देत नाही. मूर्ती उभी राहिल्यावर तिला नमस्कार करतो. या बाबतीत राजाश्रयच उजवा म्हटला पाहिजे.

दुसरा भेद मात्र पुरस्काराच्या बाजूचा आहे. राजा कारण सांगण्यास बांधलेला नव्हता. त्याची मर्जी हेच कारण. लोकशाहीतील शासन आपले धन वाटत नाही. ते समाजाचा निर्णय समाजाच्या नावाने उच्चारते. म्हणून ‘हाच कलावंत का?’ या प्रश्नाचे उत्तर देणे त्याला बंधनकारक ठरते. पुरस्काराची प्रतिष्ठा सुवर्णपदकात नसून या उत्तरात आहे.

२०१९ साली २०११ ते २०१८ या आठ वर्षांचे कलैमामणी पुरस्कार एकदम घोषित झाले आणि मानकऱ्यांची संख्या २०१ भरली. त्यांतील कित्येकांची योग्यता निर्विवाद असेल. परंतु एवढ्या लांब यादीत प्रत्येकाचे कारण ऐकू येत नाही. ज्याची योग्यता खरी, त्याच्यावरच यात अधिक अन्याय होतो. कारण त्याचा सन्मान आणि दुसऱ्याची वर्णी यांत फरक करण्याचे साधन समाजाजवळ उरत नाही. विलंबाचाही दोष वेगळा नाही: उशिरा आलेला गौरव वृद्ध कलावंताला केवळ स्मृतिचिन्हासारखा भेटतो.

तेव्हा शासनाने पुरस्कार देऊच नयेत, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. शासन दूर झाले तर निवाडा बाजाराकडे जाईल, आणि बाजाराला तविलवादकाची लय ऐकण्याची सवड नसते. मात्र कारण न देणारा पुरस्कार म्हणजे राजाची मर्जी तेवढी शिल्लक. राजाने दिलेले अन्न मात्र नाही. कलावंताचे ऋण मान्य करायचे, तर ते कशाबद्दलचे आहे हे सांगण्याइतके तरी त्याच्या कलेजवळ बसावे लागते.