उगमापाशी टाकलेले मीठ

यरीहो नगराचे पाणी वाईट होते व भूमी फळ देत नसे. लोकांनी अलीशा संदेष्ट्यापुढे गाऱ्हाणे मांडिले, तेव्हा तो घरोघर औषध वाटीत फिरला नाही. त्याने नवे पात्र व मीठ मागविले, आणि पाण्याच्या उगमापाशी जाऊन ते मीठ त्यात टाकिले (2 राजे, अध्याय 2).

ह्यावरून एक प्रश्न उत्पन्न होतो. पाणी, हवा, सांडपाणी व पिकांवरील विषारी औषधे ह्यांचा आरोग्याशी काय संबंध आहे, ह्याचा अभ्यास विद्यापीठांत चालतो. दारी दुखणाईत उभा असता, त्या विद्यार्थ्यांस व अध्यापकांस आपल्या दानाचा वाटा देणे योग्य आहे काय?

आक्षेप क्षुल्लक नाही. आमच्या शिरूर कासार भागात उन्हाळ्यात सिंदफणा आटते व कित्येक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीस जातात. अशा घरातून आलेला रुपया भुकेल्याच्या ताटातून काढून विद्यालयास देणे, ह्यास प्रीती म्हणता येणार नाही.

परंतु रोग्यास औषध देणे ही एक दया, आणि त्याच्या लेकरास तोच रोग न होऊ देणे ही दुसरी दया होय. पहिलीबद्दल देणाऱ्यास आशीर्वाद मिळतो. जो रोग झालाच नाही त्याबद्दल आभार कोण मानील? नारूचे उदाहरण घ्या. त्यावर गुणकारी औषध नव्हते, लसही नव्हती. तो पिण्याच्या पाण्यातून येतो हे अभ्यासकांनी शोधिले, म्हणून पाणी गाळणे व पायऱ्यांच्या विहिरी सुधारणे हे उपाय सुचले, आणि 2000 साली भारत नारूमुक्त ठरला.

कोणी म्हणतील, शिकलेला मनुष्य खेड्यात परत येत नाही. सर्वच येतील असे आम्हीही म्हणत नाही. दानाने कोणास विकत घेता येत नाही. तरी पाहा: डॉ. आयडा स्कडर ह्यांनी 1918 साली वेल्लोर येथे स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा काढिली, ती ख्रिस्ती जनांच्या दानावर वाढली. त्या दात्यांपैकी बहुतेकांनी जामखेडचे नावही ऐकिले नसेल. पुढे वेल्लोरास शिकलेले डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्यांनी 1970 साली, आमच्या जिल्ह्याच्या शेजारीच, जामखेडास कार्य आरंभिले. खेड्यांतील स्त्रियांस शिकवून त्यांनी शुद्ध पाणी व शोषखड्डे ह्यांचे ज्ञान घरोघर नेले.

ह्यास्तव मंडळ्यांस आमची विनंती अशी: गरजवंताचा वाटा प्रथम काढावा, तो कमी करू नये. मग कापणीच्या सणाच्या अर्पणातून थोडा भाग ह्या विद्येसाठी ठेवावा. उपदेशक बंधूंनी ह्याचे कारण लोकांस समजावून सांगावे.

यरीहोचे लोक उगम शुद्ध करू शकत नव्हते. पण पात्र व मीठ त्यांनीच आणून दिले. तेवढे आपल्याही हाती आहे.