मुलांची गाणी, मोठ्यांचे कान

मुलांसाठी रचलेल्या गाण्याची आईबापांनाही गोडी लागली, तर त्या गाण्याचे कौतुक करावे की त्याच्याविषयी संशय घ्यावा? ऐन फराळाच्या वेळी हा कसला प्रश्न, असे वाचक म्हणतील. पण मला तो सतावतो खरा.

कारण मुलांच्या नावावर आपली हौस भागविण्यात आपण मोठी माणसे मोठी तरबेज. याच दिवसांत पुण्यात घरोघर किल्ले उभे राहतात. किल्ला चिरंजीवांचा, पण बुरूज वडिलांच्या मनासारखा उतरेपर्यंत चिरंजीव केवळ माती कालवून देणारे गडी! गाण्यांचेही असेच होते. टाळ्या मिळाव्यात म्हणून सहा वर्षांच्या पोरीकडून विरहगीत म्हणवून घेतात. मौज मोठ्यांची, राबणूक मुलांची.

मग ‘नाच रे मोरा’ कोणत्या खात्यात घालावे? हे १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातले गाणे. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची, आवाज आशा भोसले यांचा. पुढे १९५५ मध्ये याच माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून घरोघर पोचले. श्रोता लहान म्हणून या कवीने मापात मारले नाही, हे दोन्ही ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही.

‘एका तळ्यात होती’ हे गाणेही माडगूळकरांचेच. चाल श्रीनिवास खळे यांची. त्यातली गोष्ट मूळची अँडरसनची, १८४३ सालची. मुलाला त्यात एकटे पडलेले पिल्लू दिसते. बापाला कदाचित त्याच पिल्लात आपला अबोल मुलगा दिसेल, कदाचित स्वतःचे बालपण. पण दोघांना होणारे दुःख एकच. मुलांची नजर चुकवून मोठ्यांना केलेली खूण त्यात नाही. कोणी म्हणेल, कोवळ्या मनाला दुःख कशाला? पण खेळात न घेतलेल्या मुलाला ते आधीच ठाऊक असते. गाणे त्याला फक्त सोबत देते.

तेव्हा मला वाटते, मोठ्यांना गोडी लागणे हा दोष नव्हे. मुलाला बाजूला सारून ती लागली, तर दोष. मात्र मोठ्यांची आवड ही बालगीताची कसोटीही होऊ नये. काही बडबडगीतांत आपल्याला काडीचा अर्थ सापडत नाही आणि मूल मात्र हसून लोळते. त्या हसण्यावर त्याचा पुरता हक्क आहे.

म्हणून या दिवाळीत घरातल्या मुलाने तेच ते गाणे दहाव्यांदा लावायला सांगितले, तर लावावे. आपल्याला आवडले तर सुरात सूर मिसळावा. नाही आवडले, तर चकली खात स्वस्थ बसावे. ऐकून घेणे हीदेखील माया आहे.